चौतीस टक्के

दामिनी निलखनला उजव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं आणि डाव्यानं अर्धंमुर्धं. पातुरात ही गोष्ट तिच्या आईवडिलांना माहीत होती. अमरावतीत ती कोणालाच माहीत नव्हती, आणि होऊ नये असं तिघांनी मिळून ठरवलं होतं.

पोरगी एकविसाव्या वर्षात, लग्नाच्या वयाची होती, दुसरं काही कारण नव्हतं. तिच्या वडिलांची, केशवरावांची, पातूरच्या शिवारात शेवंतीची आणि निशिगंधाची बाग होती, कडेनं वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. गावातली माळ्यांची निम्मी घरं नात्यातली. पोरीला कमी ऐकू येतं, एवढे चार शब्द एकदा बाहेर पडले की ते बाळापूर-वाशीमपर्यंत जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून शाळेत ती पहिल्या बाकावर बसायची आणि कोणी विचारलं तर डोळे कमजोर आहेत असं सांगायची. बीएस्सीला गावातल्याच कॉलेजात होती. वर्गात सतरा पोरं, शिकवणारे ओळखीचे, फळ्याकडे तोंड करून कोणी फारसं बोलत नसे. ओठ बघत बघत तिनं ती तीन वर्षं काढली आणि वर्गात पहिली आली.

अमरावती विद्यापीठात एमएस्सी वनस्पतिशास्त्राला तिचा नंबर लागला तेव्हा केशवराव स्वतः तिला सोडायला आले. अकोल्याहून रेल्वेनं बडनेरा, तिथून ऑटो. वसतिगृहाच्या फाटकाशी त्यांनी तिला तिच्या डाव्या बाजूला उभं राहून एकच गोष्ट सांगितली. कोणाला काही सांगू नको, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.

दोन वर्षं लांबच राहिली, पहिले दोन महिनेच तिला जड गेले. वर्ग लांबलचक, वर सहा पंखे. शिकवणारे सर इंग्रजीत बोलायचे, तेही फळ्यावर आकृती काढता काढता. पहिल्या बाकावर बसूनही तिला त्यांची पाठ दिसायची आणि पंख्यांची घरघर ऐकू यायची. प्रयोगशाळेत तर सगळे फिरत असायचे. आवाज कुठून आला हेच कळत नसे. एकदा सरांनी तिच्यामागे उभं राहून विचारलं, तुझी पार्टनर कोण? कोणता रंग वापरला असं विचारलं असेल, असा अंदाज करून तिनं उत्तर दिलं, "सॅफ्रॅनिन." सगळी प्रयोगशाळा हसली. सर हसले नाहीत. ही मुलगी आगाऊ आहे असं त्यांच्या मनात बसलं, आणि त्यानंतर त्यांनी तिला काही विचारलंच नाही.

ऑक्टोबरमध्ये मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. अंतर्गत परीक्षेची तारीख दोन दिवस अलीकडे घेतली गेली. सरांनी ते तास संपताना, पोरं दप्तरं भरत असताना सांगितलं. दामिनी जुन्या तारखेला तयारी करून गेली तेव्हा वर्ग रिकामा होता. विभागातल्या शिपायानं, नत्थुजींनी, तिला दोनदा सांगितल्यावर तिला कळलं की परीक्षा परवाच झाली. फळ्याशेजारच्या यादीत तिच्या नावापुढे शून्य लागलं.

खोलीवर येऊन तिनं कपडे बॅगेत भरायला सुरुवात केली.

तिच्या खोलीत हर्षा नावाची मुलगी होती. कौंडण्यपूरकडची, समाजशास्त्राची. कमवा आणि शिका योजनेत ती रोज दोन तास विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम करायची, त्यामुळे कुठं काय मिळतं, कोणत्या खिडकीवर कोण बसतं, हे तिला पाठ होतं. बोलायला सरळ. तिनं भरलेली बॅग बघितली, दामिनीच्या समोर पलंगावर बसली आणि म्हणाली, "तुले आयकू येत नाई न? मी ऑगस्टपासून पाहून राहिली. मागून हाक मारली का तू वळतच नाईस."

दामिनीनं आधी नाही म्हटलं. मग तुला काय करायचं म्हटलं. मग दोन दिवस ती हर्षाशी बोललीच नाही, पण बॅगही पुढे भरली नाही. तिसऱ्या दिवशी हर्षानं तिच्या वहीवर एक चिठ्ठी ठेवली. ग्रंथालयाच्या मागे समान संधी केंद्र आहे, सीमा मॅडम अकरा ते पाच असतात, मी बारा वाजता मोकळी आहे. दामिनी बारा वाजता ग्रंथालयाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

दिव्यांग विद्यार्थ्यांना मदत करणारं हे केंद्र म्हणजे एक खोली होती. दोन कॉम्प्युटर, एक कपाट, भिंतीवर सूचनांचे कागद, आणि दारात पायऱ्यांऐवजी उतार. सीमा मॅडम पन्नाशीच्या होत्या. त्यांनी दामिनीला खिडकीकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः उजेडात बसल्या. ते मुद्दाम केलं होतं हे दामिनीला नंतर कळलं. त्या वेळी तिला एवढंच जाणवलं की या बाईंचं बोलणं सगळं समजतंय.

तिनं लहानपणापासून सांगायला सुरुवात केली तेव्हा मॅडमनी तिला थांबवलं. "तुला काय ऐकू येत नाही ते राहू दे. कुठं अडतं ते सांग. एकेक सांग, मी लिहून घेते."

दामिनी सांगत गेली. फळ्याकडे तोंड, पंखे, प्रयोगशाळा, तोंडी सूचना, मेसमध्ये कोणी बोललं तर, फोन. पान भरलं. आपल्या अडचणी मोजता येण्यासारख्या आहेत, त्यांची यादी होऊ शकते, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमनी यादी वाचून दाखवली आणि म्हणाल्या की यातल्या बऱ्याच गोष्टी आपण करू शकतो. पण आधी जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घे. अपंगत्व चाळीस टक्के निघालं तर प्रमाणपत्र मिळेल, परीक्षेत जादा वेळ मिळेल, बाकीच्या सवलती मिळतील.

प्रमाणपत्र राहत्या जिल्ह्याचं, म्हणजे अकोल्याचं. आणि तिथं जायचं म्हणजे घरी सांगणं आलं.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं सांगितलं. केशवराव शेवंतीच्या वाफ्यात होते. त्यांनी एक तण उपटून बांधावर टाकलं. मग म्हणाले की कागदावर एकदा आलं की ते कोणाच्या बापाला पुसता येत नाही. तिची आई, कौशल्याबाई, ओसरीत सांभाराच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी हातातली जुडी पूर्ण बांधली आणि नवऱ्याला विचारलं, पोरीचं शून्य पुसता येते का? केशवराव पुढच्या सोमवारी तिला घेऊन अकोल्याला गेले.

तपासणीला दोन फेऱ्या झाल्या. काचेच्या लहानशा खोलीत तिला कानावर हेडफोन लावून बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. आवाज येतोय की आपल्याला यावासा वाटतोय, याचा तिला काही वेळा भरवसा वाटेना. कधीपासून असं आहे, असं तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं तेव्हा केशवराव दुसरीकडे बघत म्हणाले, लहानपणापासून.

कागदावर चौतीस टक्के आले.

बाहेर आल्यावर केशवरावांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. "चाळीसच्या आत आहे. म्हंजे तुले काही नाई. चांगलंच झालं न मंग."

त्यांनी बसस्टँडवर तिच्यासाठी कचोरी घेतली. दामिनी ती हातात धरून बसली. आपण बहिरे असल्याचं कोणी लिहून दिलं नाही म्हणून आपल्याला रडू येतंय, हे बाबांना कसं सांगायचं ते तिला कळेना. वर्गात ऐकायला तिचे कान पुरेसे नव्हते आणि कागदावर मागायला त्यांचं न ऐकणं पुरेसं नव्हतं. पातूरची गाडी लागली, ते चढले, आणि सगळा रस्ता केशवराव बाजूच्या माणसाशी निशिगंधाच्या भावाबद्दल बोलत राहिले.

सुट्टी संपल्यावर ती केंद्रात गेली ती कागद परत करायला गेल्यासारखी. मॅडम, माझं होत नाही, म्हणाली. सीमा मॅडमनी कागद बघितला आणि जुनी यादी काढली. यादीतल्या एका ओळीवर त्यांनी काट मारली. "जादा वेळ मिळणार नाही, त्याला टक्के लागतात. सरांनी तोंड वर्गाकडे करून बोलायला टक्के लागत नाहीत. सूचना लिहून लावायलाही लागत नाहीत. पुढची ओळ वाच."

तासाच्या नोट्स वर्गातल्या कोणाकडून तरी मिळवता येतील, त्यासाठी मॅडम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांमधून कोणी तयार आहे का बघणार होत्या. त्या मुलाचे सेवेचे तास त्यात धरले जात. डॉक्टर बाईंनी डाव्या कानाला ऐकण्याचं मशीन सुचवलं होतं. ते सरकारी शिबिरातून मिळालं नसतं, पण विद्यार्थी कल्याण निधीच्या नियमात टक्क्यांची अट नव्हती. डॉक्टरांची चिठ्ठी आणि विभागप्रमुखांची सही पुरेशी होती. मॅडमनी तो नियम तिच्यासमोर छापील पुस्तिकेत बोट ठेवून दाखवला. गेल्या वर्षी या निधीकडे फक्त सहा अर्ज आले होते, कारण असा निधी आहे हेच मुलांना माहीत नसतं, असंही त्या म्हणाल्या.

"पण विभागाला पत्र द्यावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "त्यात तुझं नाव येईल. तू हो म्हटल्याशिवाय मी ते पाठवणार नाही."

दामिनीनं दोन दिवस मागून घेतले. बाबांना फोन करावा असं तिला वाटलं, पण फोनवर तिला त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नसे, आणि ते काय म्हणतील हे न ऐकताही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पत्राच्या आधी स्वतःच सरांच्या खोलीत गेली. तिनं पाठ करून नेलेली चार वाक्यं म्हटली. सर खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे ते सॅफ्रॅनिन..." ते म्हणाले.

"मला वाटलं तुम्ही रंग विचारला."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी तुला आगाऊ समजत होतो, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. शून्याचं मात्र काही होऊ शकलं नाही. चुकलेली अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्यायची पद्धत विभागात नव्हती, आणि ते शून्य तिच्या गुणपत्रिकेवर तसंच राहिलं. पण दुसऱ्या दिवसापासून सर आकृती काढून झाली की वळून मग बोलू लागले. अधूनमधून विसरायचे. मग पहिल्या बाकावरून दामिनी पेन वर करायची आणि ते पुन्हा सांगायचे.

नोट्ससाठी पियुष तयार झाला. मोर्शीकडचा, शेवटच्या बाकावर बसणारा. सेवेचे तास भरायचे म्हणूनच तो आला होता आणि ते त्यानं लपवलं नाही. त्याच्या नोट्समध्ये वनस्पतींची निम्मी लॅटिन नावं चुकलेली असायची. दामिनी ग्रंथालयात बसून पुस्तकातून ती दुरुस्त करायची आणि वही परत द्यायची. दुसऱ्या अंतर्गत परीक्षेत पियुषला पहिल्यांदा पन्नासच्या वर गुण पडले. त्यानंतर तासांचा हिशोब संपला तरी तो वही देत राहिला.

जानेवारीत मशीन आलं. पहिला आठवडा वाईट गेला. तिला वाटलं होतं माणसांचे आवाज वाढतील; वाढले सगळेच. मेसमधली ताटं, पंखा, तिचं स्वतःचं चावणं. तिसऱ्या दिवशी तिनं ते काढून डबीत ठेवलं. हर्षानं विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात चौकशी केली, तिथून तिला शहरातल्या श्रवणतज्ज्ञाकडे पाठवलं, आणि तीन फेऱ्यांमध्ये त्यांनी मशीन तिच्या कानाला जुळवून दिलं. त्यानंतरही गर्दीत ते कामाचं नव्हतं. वर्गात होतं. एका सकाळी विद्यापीठाच्या तळ्याच्या बाजूनं जाताना तिला मोर ओरडलेला ऐकू आला आणि तिनं हर्षाला विचारलं की हे रोज ओरडतात का. रोज, हर्षा म्हणाली, आमाले तं त्याइचा वैताग येते.

मार्चमध्ये केंद्राच्या भिंतीवर एक नवा कागद लागला. उन्हाळ्यात सहा आठवडे अकोल्याला एका फुलपीक संशोधन प्रक्षेत्रावर प्रशिक्षण. पाच जागा. विषय शेवंतीची रोपं आणि रोग. दामिनीनं कागद वाचला आणि शेवटच्या ओळीशी थांबली. निवड दूरध्वनीवरील मुलाखतीतून होईल.

ती अर्ज न घेताच निघाली होती. सीमा मॅडमनी तिला बोलावून कारण विचारलं, आणि ऐकून म्हणाल्या की त्यांनी फोन लिहिला कारण त्यांना सोपं पडतं. तुला सोपं काय पडेल ते त्यांना कळव. नाही म्हणतील तर म्हणतील.

दामिनीनं केंद्रातल्याच कॉम्प्युटरवर बसून ईमेल लिहिला. तीनदा खोडला. शेवटी एवढंच ठेवलं: मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, समोरासमोर बोललेलं समजतं, मी अकोला जिल्ह्यातलीच आहे, मुलाखतीला प्रत्यक्ष येऊ शकते. आठ दिवस उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी दोन ओळी आल्या. एप्रिलच्या बारा तारखेला सकाळी दहा वाजता या.

केशवराव त्या दिवशी पहाटे फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात आले होते. बाजार आटोपून ते थेट प्रक्षेत्रावर आले आणि कार्यालयाच्या ओसरीत बाकावर बसले. ईमेलमध्ये काय लिहिलं ते दामिनीनं त्यांना सांगितलं नव्हतं. एप्रिलचं ऊन असल्यानं मुलाखतीच्या खोलीचं दार उघडंच होतं.

आत तिघं होते. मधले अधिकारी वयस्क होते आणि कागदांत बघत पुटपुटल्यासारखं विचारत होते. पहिला प्रश्न दामिनीला कळला नाही. तिनं अंदाज केला नाही. "सर, मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून विचाराल का?"

तिचा आवाज जरा मोठाच होता, नेहमीसारखा. ओसरीत केशवरावांनी मान वर केली.

अधिकाऱ्यांनी कागद बाजूला सारला आणि पुन्हा विचारलं. शेवंतीची पानं खालून करपत वर येतात, तुमच्याकडे काय करता? मग दामिनी बोलत राहिली. खालची पानं काढून जाळतो, बागेत टाकत नाही. पाणी मुळाशीच देतो, झाडावरून देत नाही, कारण थेंब उडाले की बुरशी एका पानावरून दुसऱ्यावर जाते. वडील हे आधीपासून करतात, फक्त त्यांना बुरशी माहीत नव्हती. ते म्हणायचे झाड न्हाऊ घालू नये. मी या वर्षी पानाचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तेव्हा मला ती दिसली. बाजूच्या बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, एक तिला आला नाही आणि येत नाही असं तिनं सांगितलं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली.

दोघं फाटकापर्यंत चालत गेले. बाहेर कडुनिंबाखाली उसाच्या रसाची गाडी होती, तिथं केशवराव थांबले आणि तिच्या समोर येऊन उभे राहिले.

"तू त्याइले सांगतलं."

"हो."

"मंग काय म्हणे ते?"

"काई नाई. पुन्हा इचारलं त्याइनं."

"इतकंच?"

"इतकंच, बाबा."

केशवरावांनी रसाचा गिलास घेतला, पण प्यायले नाहीत. त्यांचा आवाज इतका खाली गेला की तिला त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं. ते म्हणाले, "तू सातवीत होती. तुहा कान वाहे. मी तेल कोमट करून टाको, चार-पाच महिने. तुही माय म्हणे अकोल्याले दाखवू, मी म्हणो शेवंतीचा सीझन होऊ दे." ते थांबले. "कोणी इचारलं, पोरीले काय झालं, तं मले हेच सांगा लागलं असतं."

 सगळे लपवत होते ते आपल्या लग्नासाठी, असं दामिनीला इतकी वर्षं वाटत होतं. तिला राग आला, आणि बाबा गाडीवाल्याला एकाच गिलासाचे पैसे दोनदा देऊ लागले तेव्हा तो राग तसाच राहून शिवाय वाईटही वाटलं. तिनं त्यांना रस पिऊन घ्यायला सांगितलं. ऊन फार होतं.

यादी दहा दिवसांनी लागली. पाचांमध्ये तिचं नाव चौथं होतं. मे आणि अर्धा जून ती अकोल्याला राहिली. शेडनेटमध्ये मातृरोपांची छाटकलमं लावायची, पानांवरचे डाग मोजून तक्त्यात भरायचे, असं काम होतं. सोबतच्या चौघांना तिनं पहिल्याच सकाळी सांगून टाकलं आणि त्यांच्यातली अपेक्षा नावाची मुलगी दुपारपर्यंत ते विसरूनही गेली, आठवण करून द्यावी लागली. वर्षाचा निकाल लागला तेव्हा त्या शून्यामुळे दामिनीची प्रथम श्रेणी थोडक्यात हुकली. प्रशिक्षणाच्या अहवालावर मात्र त्या पुटपुटणाऱ्या अधिकाऱ्यांनी हातानं शेरा लिहिला होता की या विद्यार्थिनीनं पुढच्या वर्षीचा प्रकल्प इथंच करावा.

प्रशिक्षण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी केशवराव तिला न विचारता कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. खिडकीपुढे रांग होती आणि त्यांच्या मागेच पातूरचे एक ओळखीचे गृहस्थ उभे होते, नात्यातलेच. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, कोणाला दाखवायचं, काय त्रास?

"पोरीले," केशवराव म्हणाले. "कमी आयकू येते तिले. सातवीपासून."

मुलीनं लिहून घेतलं. मागच्या गृहस्थांनी दामिनीकडे बघितलं, मग केशवरावांना विचारलं की इथले डॉक्टर चांगले आहेत का, त्यांच्या सुनेलाही दाखवायचं आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजव्या कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया करता येईल, थोडा फरक पडेल, पूर्ण येईल असं नाही. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख चालेल का, असं दामिनीनंच त्यांना विचारलं, कारण जुलैपासून तिचे तास सुरू होणार होते.